न शिकवलेले सहा पाठ

मंडळी, आज दुपारी माझी बीएडची इंटर्नशिप संपली. अजून दोन आठवडे बाकी होते.

भोसरीतल्या एका शाळेत मी सहावीला मराठी शिकवत होते. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी बोलावलं. "सहावीच्या दोन्ही तुकड्या उद्यापासून एकत्र बसवतोय. तुम्ही आता येऊ नका. कॉलेजला कळवलंय."

"सर, माझे सहा पाठ राहिलेत."

"मॅडमकडून सह्या घेऊन टाका की."

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चहा पिता पिता सहाही पाठटाचणांवर सह्या केल्या. बाई वाईट नाहीत हो. "सगळे असंच करतात गं, नाहीतर तुझंच वर्ष जाईल," म्हणाल्या.

वर्गात दीपाली आहे. तिची आई चाकणला कंपनीत जाते. मी आल्यापासून ही पोरगी एकदाही वाचायला उभी राहिली नव्हती. कालच म्हणाली, "सोमवारी मी वाचते मॅडम. आईपुढं सराव चाललाय."

तिला सांगायलाही मिळालं नाही.

आता घरी फाईल पूर्ण करतेय. सोमवारच्या पाठाखाली 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद' असा रकाना आहे. तो रिकामा ठेवलेला चालत नाही. मी लिहिलं, 'दीपालीने प्रकट वाचन केले.'

तुम्ही काय लिहिलं असतं?