काकांचं यंत्र सुरू होईपर्यंत

पहिल्या भेटीत काकांनी माझ्याशी बोलायला बावन्न सेकंद घेतले. मी ते घड्याळ लावून मोजले, कारण त्यांचं यंत्र घरात कसं चालतं ते टिपायलाच मला ऑफिसने पाठवलं होतं.

जयपूरच्या मालवीय नगरात आमचं छोटं ऑफिस आहे. खाली कोचिंग क्लास, वर आम्ही अकरा जण. हातात मावेल असं एक यंत्र आम्ही बनवतो. ज्यांचा आवाज गेला आहे त्यांनी त्यावर शब्द टाइप करायचे आणि यंत्राने ते मोठ्याने म्हणायचे. रोज लागणारी वाक्यं त्यात साठवूनही ठेवता येतात. एक बटण दाबलं की झालं. आत लिनक्स ही संगणकप्रणाली चालते. यंत्र चालू केल्यापासून बोलायला तयार होईपर्यंत आत जे काही घडतं, ते सगळं माझ्याकडे. मी कराडची. ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच, म्हणून मराठी बोलणारं माणूस यंत्र वापरतंय म्हटल्यावर आदर्श नगरच्या त्या घरी माझीच रवानगी झाली.

काका मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेच्या सिग्नल विभागात होते. बदली होऊन जयपूरला आले, निवृत्त झाले आणि इथेच राहिले. दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्यापाशी एक छोटा पांढरा रुमाल बांधलेला असायचा. बाकी माणूस ताठ, इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ.

मी सोफ्यावर बसले, त्यांनी कपाटातून यंत्र काढलं आणि बटण दाबलं. पडद्यावर आमच्या कंपनीचं चिन्ह आलं आणि गोल गोल फिरू लागलं. काका माझ्याकडे बघून हसले. मी हसले. चिन्ह फिरतच होतं. काकांनी पंख्याकडे बघितलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि त्या परत आत गेल्या तरी चिन्ह फिरतच होतं. शेवटी यंत्र बोललं, "बसा ना जी."

मी केव्हाची बसलेली होते. आम्ही दोघंही हसलो, पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता आणि माझं हसणं खोलीत एकटंच घुमलं.

"काका, तुम्ही हे बंद कशाला करता? नुसतं झोपवून ठेवायचं. मग एका सेकंदात जागं होतं," मी म्हटलं. मार्गदर्शक पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं, माझ्याच हाताने.

त्यांनी टाइप केलं. यंत्र म्हणालं, "दुपारपर्यंत बॅटरी संपते. आणि काम झालं की बंद करायची सवय आहे."

शेजारी एक पाटी ठेवलेली होती. ऑपरेशननंतर वर्षभर ते पाटीवर लिहूनच बोलत होते. त्यांनी पेन्सिल घेतली आणि पाटीवर लिहून माझ्यापुढे धरलं : ही लगेच सुरू होते.

मी वहीत 'बावन्न सेकंद' असं लिहिलं, पोहे खाल्ले आणि परत आले. खरं सांगते, तेव्हा मला त्यात फार काही वाटलं नव्हतं. आमच्या कामाच्या यादीत सुरू होण्याचा वेळ शेवटून तिसरा होता.

दीड महिन्याने बॅटरीबद्दल विचारायला पुन्हा गेले, तेव्हा दार काकूंनी उघडलं. थोड्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. तब्येत विचारली तर म्हणाल्या, "काय सांगू तुले बाई, मागच्या हप्त्यात मी स्वयंपाकघरात पडली ना."

काका मागून हात हलवून नको नको करत होते. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना मधुमेह आहे. त्या दिवशी दुपारी साखर एकदम उतरली आणि त्या ओट्यापाशी खाली बसल्या, मग आडव्याच झाल्या. घरात दोघंच. मुलगी शाळेत शिकवते, ती वर्गावर. काकांनी काकूंच्या तोंडात साखर घातली, एका हाताने यंत्र चालू केलं आणि दुसऱ्या हाताने समोरच्या घरी फोन लावला. समोर नवीन भाडेकरू आले होते. काकांचा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

"तो म्हणे हॅलो, कौन, हॅलो, कौन. अन् हे काय बोलणार? मशीन तं फिरूनच राहिली होती," काकू म्हणाल्या. "त्यानं ठेवून देल्ला. यांनी पुन्हा लावला. पुन्हा ठेवून देल्ला. मले सगळं ऐकू येत होतं, डोळे उघडत नव्हते फक्त."

तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा यंत्र तयार झालं होतं. शेजारी धावत आला. तोवर साखरेने काम केलं होतं आणि काकू उठून बसल्या होत्या. म्हणजे तसं काहीच झालं नव्हतं. पण सांगताना काकूंनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं, आणि काका खिडकीबाहेर बघत होते. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी सावकाश टाइप केलं. "आता बरी आहे. तू मनाला लावून घेऊ नको."

मला तोंड वर करवेना. बावन्नमधले बरेचसे सेकंद उगाचच जात होते, हे मला माहीत होतं. कुठे जात होते तेही साधारण माहीत होतं. फक्त मी तिकडे बघितलं नव्हतं.

ऑफिसात आमचे साहेब जयपूरचेच, माणूस चांगला. मी सुरू होण्याचा वेळ कमी करायचाय म्हटल्यावर म्हणाले, "अरे, डिवाइस बंद करता कौन है?"

"एक आदमी तो करते हैं, सर. रोज़," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरातली गोष्ट सांगितली. त्यांनी टेबलावरची कामाची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, "दो हफ़्ते ले लो."

दुसऱ्या दिवशी मी यंत्राला तार जोडली आणि सुरू होताना ते आत काय काय करतं त्याची नोंद ओळीने वाचायला बसले. अगदी सुरुवातीलाच ते तीन सेकंद नुसतं थांबत होतं. यंत्र बनवताना आम्हाला मधे शिरता यावं, म्हणून कुणी कळ दाबतंय का याची ते वाट बघायचं. ती सोय आमच्यासाठी होती, आणि आम्ही ती काकांच्या यंत्रातही तशीच ठेवून दिली होती. मग एकवीस सेकंद ते वायफाय शोधायचं. काकांच्या घरी वायफायच नव्हतं. ते शोधायचं, सापडायचं नाही, पुन्हा शोधायचं, आणि हरल्यावरच पुढे जायचं. नंतर हिंदी, मराठी, इंग्रजी, गुजराती अशा चार भाषांचे आवाज एकामागून एक उघडायचं, माणूस एकच भाषा बोलणार असला तरी. आणि या सगळ्यावर ते फिरणारं चिन्ह, जे काम संपलं तरी पूर्ण फेरी होईपर्यंत फिरत राहायचं.

वायफाय मागे ढकललं. आधी बोलायची सोय, मग बाकीचं. भाषा एकच उघडायची, जी शेवटची वापरली ती; बाकीच्या लागतील तेव्हा. सुरुवातीचं ते तीन सेकंद थांबणंही काढलं. वेळ उतरत गेला, एकतीस, बावीस, सतरा. चिन्हापाशी मात्र अडलं. ते साहेबांनी स्वतः बसून करून घेतलं होतं आणि त्यांना ते फार आवडायचं.

"कंपनी की पहचान है," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, एक काम कीजिए. आप केबिन में बैठिए. मैं बाहर से फ़ोन करती हूँ."

मी फोन लावला, यंत्र चालू केलं आणि गप्प राहिले. "हाँ, बोलो," साहेब म्हणाले. मग "हैलो?" मग "आवाज़ नहीं आ रही." काचेतून मला ते दिसत होते. मीच फोन केलाय हे माहीत असूनही त्यांनी फोन कानापासून दूर धरून बघितला, आणि चिन्हाची फेरी पूर्ण व्हायच्या आत ठेवून दिला. दहा मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "हटा दो."

सतराचे तेरा झाले. आणखी चार सेकंद कशात जात होते तेही सापडलं. माणसाने साठवलेल्या वाक्यांची फाइल नीट आहे ना, हे यंत्र दर वेळी तपासायचं, नीट असेल तर तिची एक प्रत काढून ठेवायचं आणि बिघडली असेल तर ती प्रत तिच्या जागी आणायचं. मी गेल्या कित्येक महिन्यांच्या तक्रारी चाळल्या. फाइल कधीच बिघडलेली नव्हती. मी ती तपासणी काढून टाकली. नऊ सेकंद!

नवीन आवृत्ती घालून दिली तेव्हा काकांनी ते यंत्र तीनदा बंद करून तीनदा चालू केलं. तिसऱ्यांदा चालू झाल्यावर काकूंना हाक मारून बोलावलं; म्हणजे यंत्राकडून हाक मारली. काकू आतून "काय हो?" म्हणत आल्या आणि हसत सुटल्या. मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. ती जन्मापासून जयपूरला, मराठी अडखळत बोलते. "ताई, मतलब, बाबांचं सगळं गेलंय. मशीन चालू होते, पण आत काहीच नाही. एकही वाक्य नाही."

मला लगेच कळलं काय झालं असणार. काका एखादं वाक्य साठवत असताना यंत्र मधेच बंद पडलं असेल, फाइल अर्धवट लिहिली गेली असेल. पूर्वी यंत्राने ते ओळखून आदल्या वेळची प्रत तिच्या जागी आणली असती. तो पहारा मीच उठवला होता. फाइल कधीच बिघडली नव्हती असं मला वाटलं, कारण बिघडली की ती गुपचूप दुरुस्त होत होती. कुणाला कळतच नव्हतं, मग तक्रार कुठून येणार?

त्याच दुपारी स्कूटर काढून आदर्श नगरला गेले. काका, काकू आणि मुलगी तिघंही बाहेरच्या खोलीत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "काका, ही माझी चूक आहे. वेळ वाचवायला मी एक गोष्ट काढली, ती काढायला नको होती."

त्यांनी यंत्र हातात घेतलं नाही. पाटीही घेतली नाही. काकू म्हणाल्या, "त्याच्यात माझं एक होतं. सकाळी चहा पिऊन झाला का दाबायचे. 'चहा झकास झाला.' पस्तीस वर्षांत तोंडानं कधी म्हटलं नाही, मशीनमधून म्हणायचे."

यंत्रात जुनी प्रत शिल्लक होती, पण ती मी तपासणी काढण्यापूर्वीची निघाली. तिच्यातून निम्मीअधिक वाक्यं परत आली. चहाचं आलं नाही. समोरच्या शेजाऱ्यासाठी केलेली पाच-सहा हिंदी वाक्यं आली नाहीत. आणि काकांनी अलीकडच्या दिवसांत लिहिलेली काही, जी त्यांनी कुणालाच दाखवली नव्हती, तीही गेली. कोणती होती असं मी विचारलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली.

ऑफिसात मी तपासणी परत घातली, मात्र जागा बदलून. आता यंत्र आधी बोलायला तयार होतं आणि मग मागच्या मागे फाइल तपासतं. शिवाय नवी फाइल पूर्ण लिहून झाल्याशिवाय जुनीला हात लावत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. वेळ दहा सेकंदांवर आला. पुढच्या सगळ्या यंत्रांत हेच गेलं, आणि आम्ही आधी दिलेली यंत्रंही एकेक करून परत मागवून बदलली. साहेबांनी एका शब्दानेही मला काही म्हटलं नाही, पण पुढचा महिनाभर माझं प्रत्येक काम त्यांनी स्वतः तपासलं. ते बरोबरच होतं.

काकांची वाक्यं गेली त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी बदललेली आवृत्ती घेऊन गेले तेव्हा मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, समोर यंत्र आणि काकांची पाटी. काकांच्या बोटांना एवढं सगळं पुन्हा टाइप करणं जड जात होतं. म्हणून ते पाटीवर लिहीत होते आणि ती ते यंत्रात घालत होती.

ती मला हळूच म्हणाली, "मी बाबांशी नेहमी हिंदीतच बोलले ना. ते मराठीत बोलायचे, मी हिंदीत जवाब द्यायची. मला लिहायला येत नाही नीट."

देवनागरी ती वाचायची, पण ळ आला की थांबायची. काका पेन्सिलीने टेबलावर टकटक करायचे आणि पाटीवर मोठा ळ काढून दाखवायचे. 'काहून', म्हणजे त्यांच्याकडचं 'का', हा शब्द तिने 'कहून' असा लिहिला आणि यंत्राने तो भलताच काहीतरी म्हटला. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "असं नाही वं! काहून! काऽहून!" मग तिघांनी मिळून तो शब्द यंत्राकडून पाच वेळा वदवून घेतला.

मी नवीन आवृत्ती घालायला म्हणून गेले होते, ते काम वीस मिनिटांचं होतं. पण मीही खुर्ची ओढून बसले. अकराच्या सुमारास काकांनी पाटी पुसली, एक वाक्य लिहिलं आणि मुलीपुढे सरकवलं. ती टाइप करू लागली, मधेच थांबली आणि यंत्र बाजूला ठेवून ते स्वतःच्याच तोंडाने वाचलं, एकेक शब्द सुटा सुटा करत.

"तू, आता, माझ्याशी, मराठीत, बोलत, जा."

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि मग तिने विचारलं, "अजून... अजून किती वाक्य राहिले?"

काकांनी दोन्ही हात पसरून पुष्कळ अशी खूण केली. काकूंनी सगळ्यांसाठी चहा टाकला.