बाहेरून लावलेली कडी

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय. वाचतोय म्हणजे... खाली जाऊन खवचट प्रतिक्रिया टाकण्यासाठी वाचतोय. 'आधी डोळे तपासून घ्या', 'रात्रीचं जेवण हलकं ठेवा' असं लिहिणाऱ्यांतला मी एक. भूतखेत, करणी, आत्मे, यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आज मानतो का, तेही सांगता येत नाही. तरी लिहितोय, कारण मित्रांना हा किस्सा सांगताना मी दर वेळी अर्धाच सांगितलाय. अर्ध्यावरच लोक खूश होतात. उरलेला अर्धा फक्त माझ्या बायकोला आणि एका मुलीला माहीत आहे.

आम्ही कोथरूडला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मी आयटीत आहे, आणि शनिवार-रविवारी जुन्या इलेक्ट्रिक गिटार घेऊन, दुरुस्त करून विकतो. नाद म्हणा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाचा एक भाग असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. गिटारच्या तारेची थरथर तो पकडतो आणि अँपला, म्हणजे स्पीकरला, पाठवतो. स्वस्तातल्या गिटारचे पिकअप काढून चांगले बसवले की तीच गिटार वेगळीच वाजायला लागते. माझी सगळी विक्री त्यावरच चालते.

मागच्या हिवाळ्यात शनिवार पेठेतल्या बागवान काकांकडून एक काळी गिटार घेतली. त्यांच्या मुलाची, कपाटावर पडून होती. लाकूड उत्तम, मान सरळ, पिकअप मात्र रद्दी. माझ्याकडे जुन्या बाजारात मिळालेली पिकअपची एक जोडी होती. एका पत्र्याच्या डब्यात, इतर भंगाराबरोबर. कंपनीचं नाव नाही, काही नाही, पण कुणीतरी फार निगुतीनं हातानं गुंडाळलेली. ती बसवली. स्वतः वाजवून पाहिलं. काय सुंदर वाजली! गोड, आणि एवढीशीही घरघर नाही. त्याच आठवड्यात जाहिरात टाकली.

प्रांजलीचा मेसेज आला. मूळची वर्ध्याकडची, हडपसरला नोकरी, गिटार नुकतीच शिकायला लागलेली. 'येऊन वाजवून बघता येईल का?' मी लिहिलं, 'नक्की. मिसेस घरी असतात, बिनधास्त या.' हे वाक्य मी मुद्दाम लिहायचो. मुलींना बरं वाटतं म्हणून.

शनिवारी दुपारी ती आली. सायलीनं, माझ्या बायकोनं, तिला पाणी दिलं, दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "कोथिंबीर राहिली रे. आलेच मी." स्कूटर काढून गेली. यात काहीच विशेष नव्हतं.

हॉललगतच्या छोट्या खोलीत माझं वर्कशॉप आहे. प्रांजली स्टुलावर बसली, मी वायर जोडली. तिनं एक साधी धून धरली, मध्येच बोट चुकलं, थांबली. आणि अँपमधून आवाज आला...

"परत."

पुरुषाचा आवाज. वयस्कर. तिला वाटलं मीच बोललो. "हो हो," म्हणाली, आणि परत सुरू केलं. पुन्हा त्याच जागी चुकली.

"पहिल्यापासून."

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं. "दादा, याच्यात कोणी बोलून राहिलं का?"

मी हसलो. रेडिओ पकडतोय म्हणालो. तसं होतं कधीकधी, खरंच होतं. गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण शून्यावर आणलं. अँप गप्प व्हायला हवा होता.

"परत," अँप म्हणाला. रागानं नाही हो. संध्याकाळी क्लासमध्ये मास्तर म्हणतात ना, पुढचं पोर वाट बघत असताना, तसं.

मी वायर उपटली. अँपही बंद केला. खोली एकदम शांत झाली. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली ती ऐकू आली. प्रांजली गिटार मांडीवर घेऊन तशीच बसलेली, आणि त्या गिटारमधून – वायर नाही, अँप नाही, नुसत्या लाकडाच्या आणि तारांच्या त्या वस्तूमधून – अगदी बारीक, फोन कानापासून लांब धरल्यावर पलीकडचं बोलणं येतं तसं आलं, "पहिल्यापासून."

मित्रांना मी इथपर्यंत सांगतो. मग म्हणतो, 'फाटली ना राव, आम्ही दोघं खाली पळालो.' सगळे हसतात.

आम्ही दोघं पळालो नाही. मी पळालो. तिला एका शब्दानंही न सांगता. हॉल ओलांडला, दार ओढून घेतलं, आणि बाहेरची कडी लावली. ते जे काही होतं ते माझ्या मागे येऊ नये म्हणून. ती आत आहे हे मला माहीत होतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. कडी लावताना तिची पावलं दाराकडे येताना मी ऐकली.

खाली पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. उन्हात. वरून दारावर थापा ऐकू येत होत्या. फोन वाजला. स्क्रीनवर 'प्रांजली गिटार' असं आलं. मी बघत राहिलो. थांबला, परत वाजला. मी आवाज बंद करून खिशात टाकला. जिन्यातून वर जाऊन कडी काढायला कितीसा वेळ लागला असता?

सायली आली. हँडलला कोथिंबिरीची पिशवी. "इथे काय करतोयस? ती मुलगी गेली?"

"वर आहे."

"वर आहे म्हणजे?"

ती जिना चढली, मी मागे. दाराशी पोचल्यावर तिनं कडी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू लावलीस?"

मी होकारार्थी मान हलवली. तिनं कडी काढली. प्रांजली दाराच्या आत जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी, हातात फोन. सायली तिच्याजवळ खाली बसली, तिचा हात धरला. मी उंबऱ्याच्या बाहेरच.

सायलीनं नंतर सांगितलं की तिलाही ऐकू आलं होतं. वर्कशॉपच्या खोलीतून, हळू आवाजात, 'परत... पहिल्यापासून.' तिला वाटलं मी मोबाइलवर शिकवणीचा व्हिडिओ लावून आलोय. खोलीत जाऊन पाहिलं तर गिटार स्टुलावर, वायर जमिनीवर. आवाज थांबलेला. तिनं गिटार केसमध्ये घातली, खोलीचं दार लोटलं आणि प्रांजलीला खाली नेऊन रिक्षात बसवून दिलं. प्रांजलीनं जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी शनिवार पेठेत बागवान काकांकडे गेलो. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. इकडचं तिकडचं बोललो, मग आडून आडून विचारलं – मुलगा कसा आहे, गिटार आणखी कोण वाजवायचं, घरात कुणी... म्हणजे कुणी वारलं वगैरे...

त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "मुलगा जर्मनीत आहे. सकाळीच फोन झाला. आमच्याकडे सगळे जिवंत आहेत, अल्लाहची मेहेरबानी. आपली निराशा झाली का?"

मी माफी मागून निघालो. मग जुन्या बाजारात गेलो. डबा विकणारा म्हणाला, "साहेब, भंगार आहे. भंगाराला कुठं गाव असतं व्हय?" मुद्दा बरोबर होता.

घरी येऊन सगळं सायलीला सांगितलं. पिकअप काढून तपासणार, एका मित्राला दाखवणार, वगैरे. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "काकांना विचारून आलास, भंगारवाल्याला विचारून आलास. त्या मुलीला विचारलंस का, कशी आहे?"

नव्हतं विचारलं.

मेसेज केला. दोन-तीनदा लिहून खोडला. शेवटी नुसतं 'भेटून माफी मागायची आहे' एवढंच पाठवलं. उत्तर यायला बरेच दिवस गेले. हडपसरला, तिच्या ऑफिसजवळच्या चहाच्या टपरीवर या म्हणाली. सोबत तिची रूममेट होती. ती बाजूला, पण ऐकू येईल इतक्याच अंतरावर उभी राहिली. माझ्या भीतीनं आणली होती तिला, हे मला कळलं.

मी घोकून गेलो होतो. घाबरलो होतो, भान नव्हतं, असं तसं. तिनं ऐकून घेतलं.

"दादा, मी त्या आवाजाला नव्हती घाबरली," ती म्हणाली. "चांगलं बोलत होता तो. आमचे हार्मोनियमचे सर असंच म्हणायचे. मला वाटलं होतं, अजून एकदा वाजवून पाहावं."

"मग?"

"कडी काऊन लावली तुम्ही?" तिचा आवाज चढला नाही. "अनोळखी माणसाचं घर. मिसेस आहेत म्हणाले, त्या निघून गेल्या. मग तुम्ही उठले आणि बाहेरून कडी लावली. फोन उचलला नाही. मला काय काय वाटलं असेल? आईला लोकेशन पाठवलं मी. ती तिकडे वर्ध्याला रडत बसली. भुताचं तर माझ्या डोक्यातही नव्हतं."

मला हे खरंच सुचलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही. त्या खोलीत भीतीदायक असं एकच होतं असं मी धरून चाललो होतो.

मी म्हणालो, गिटार घेऊन जा, तशीच, काही देऊ नका. म्हणाली, "नको. तुमच्या घरातलं काही नको मला." चहा तिनं अर्धाच प्यायला होता. रूममेटनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघी गर्दीत निघून गेल्या.

त्यानंतर एका रविवारी दुपारी मी ती गिटार बाहेर काढली. सायली घरात होती. खोलीचं दार, बाहेरचं दार, दोन्ही उघडी ठेवली. पळायचं नाही असं ठरवलं होतं. वायर जोडली, वाजवलं. मुद्दाम चुकलो. थांबलो, वाट पाहिली. पुन्हा वाजवलं. प्रांजलीची ती धून आठवेल तशी, तिच्यासारखीच अडखळत. वायर काढून कान लाकडाला लावला.

काही नाही. स्वच्छ, शांत पिकअप. माझ्या मित्रानंही तपासले, यंत्र लावून. म्हणाला, इतके चांगले कुणी बनवत नाही हल्ली.

रेडिओ, शेजाऱ्यांचा टीव्ही, मनाचे खेळ... सगळं करून झालं. तिघांनी ऐकलं, दोघींनी शांतपणे ऐकलं. तो कोण होता, काय शिकवत होता, तिलाच का, मला सांगता येत नाही.

सायली दारात येऊन उभी राहिली होती. "बोलला काही?"

"नाही," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तिथेच बसून राहिलो, गिटार मांडीवर घेऊन, बराच वेळ.