म्हशीच्या आडोशाला

ताज्या दुधाच्या फेसाचा वास आला की माझी मूठ आपोआप आवळते. काही वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही दोघं कुत्र्याला फिरवत दूधकट्ट्यावर गेलो होतो; तिथं गवळी समोर म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात देत. बायकोनं ग्लास तोंडाला लावला आणि गल्लीतून चार भटकी कुत्री गुरगुरत धावून आली. माझ्या हातातल्या पट्ट्याला हिसका बसला, मी मागं सरलो. तिनं ग्लास टाकून आमच्या कुत्र्याला छातीशी उचललं, तशी ती भटकी कुत्री तिच्याच अंगावर उड्या घेऊ लागली. एकाच्या दातांत तिची ओढणी होती आणि मी कट्ट्याला पाठ लावून उभा होतो. “वैनी, पळू नगासा! म्हशीच्या मागं या की!” म्हणत गवळ्यानं दावं सोडून म्हैस मध्ये घातली. तिनं शिंगं रोखताच कुत्री पांगली. “पावणं, तुमी नुसतं बघतच ऱ्हायला व्हय?” तो मला म्हणाला. “त्यांच्या हातून पट्टा निसटला हो,” बायको धापा टाकत म्हणाली. पट्टा निसटला नव्हता, भीतीनं मी तो सोडला होता, आणि ते तिनं पाहिलं होतं. तिला जाऊन आता वर्ष झालं. कुत्र्याला मीच फिरवतो, पट्ट्याचे दोन वेढे मनगटाला घेऊन.