आवाजाला भ्यालेलं अंग

डॉक्टरीणबाईंनी माझ्या दातांच्या फटीतून एक लाकडी पट्टी आत सरकवली आणि घशाच्या मागच्या बाजूला टेकवली. धडधाकट माणसाला अशा वेळी ओकारी येते. माझे दात मात्र त्या पट्टीवर असे मिटले की लाकूड मोडलं आणि त्याच्याबरोबर एक दातही. रक्त हनुवटीवरून ओघळायला लागलं. बाई आईकडे वळून म्हणाल्या, "टिटॅनस आहे. तुम्ही याला धनुर्वात म्हणता. यातून माणसं बरी होतात, पण थोडी."

बाई परदेशी होत्या. महाबळेश्वरला पंडितांकडे मराठी शिकलेल्या, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा शुद्ध भाषेत सांगायच्या.

हा रोग मी ब्रह्मदेशातून आणला. दुसरी मोठी लढाई संपल्यावर तिकडच्या एका जळलेल्या गावात चर्च आणि शाळा पुन्हा उभी करायला आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, चार-पाच जण पाठवले. पगार नव्हता, जो तो आपल्या खुशीनं गेला होता. मी कडेगावकडचा, मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकलेला. बॉम्बनं लोंबकळलेलं चर्चचं छप्पर उतरवायचं काम माझ्याकडे होतं. ढिगाऱ्यात माणसांची हाडं निघायची. ती बाजूला पुरायची आणि पुन्हा करवत हातात घ्यायची. मिशननं बूट दिले होते, पण सुतार छपरावर अनवाणीच चढतो, पायाच्या बोटांनी लाकूड धरतो. निघायच्या आदल्या दिवशी गंजका खिळा तळव्यात खोल घुसला. उपटून काढला, चिंधी बांधली आणि बोटीत बसलो.

घरी येईपर्यंत जखम वरून मिटली होती, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मग एका सकाळी भाकरी चावता येईना. आईला वाटलं, प्रवासात वारं लागलं. तिनं गाल शेकले. दुसऱ्या दिवशी मान ताठली, पाठ ताठली, आणि मला बैलगाडीत घालून सांगलीकडच्या मिशनच्या दवाखान्यात आणलं. तुमच्या घरात कुणाचा जबडा असा अडकला तर शेकत बसू नका, उचला आणि दवाखान्यात न्या.

बाईंनी सांगितलं ते असं. या रोगाचे जंतू मातीत असतात. ते जखमेत शिरून विष तयार करतात, आणि ते विष नसांना भिनलं की अंगाला उजेड, धक्का, आवाज काही म्हणजे काही सोसत नाही. त्यांनी क्लोरोफॉर्म देऊन तळवा चिरला, आतलं काळं मांस कापून टाकलं. अँटिटॉक्सिन, म्हणजे विषावरचा उतारा, टोचला. खोलीत अंधार केला. दाराच्या कडीला फडकी गुंडाळली.

तरी झटके यायचेच. कुठं भांडं पडलं की डोकं आणि टाचा तेवढ्या गादीवर राहायच्या, मधलं अंग धनुष्यासारखं वर. जीभ दातांखाली चिरडायची. शुद्ध मात्र जात नाही. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. सगळं कळत असतं, फक्त ओरडता येत नाही. मला देवाचा संताप आला होता. त्याचंच छप्पर बांधायला गेलो होतो की मी.

"झटक्यात त्याचा श्वास अडकतो," बाई आईला म्हणाल्या. "एका मोठ्या आवाजानं तो मरू शकतो."

रविवारी मंडळी उपासना आटोपून थेट दवाखान्यात आली. आजाऱ्याच्या उशाशी टाळ-ढोलकीवर भजन करायची आमच्यात रीत आहे, आणि मी तर परदेशात सेवा करून आलेला. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पुढे होते. ढोलकी माझ्या मामाच्या, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाच्या गळ्यात होती. व्हरांड्याच्या पायरीशी टाळ वाजले.

मी तेवढंच ऐकलं. पाठीत काहीतरी कडकन मोडलं. छाती आवळली गेली, श्वास ना आत ना बाहेर, आणि डोळ्यांपुढे काळोख आला.

झटका सुटला तेव्हा श्वास परत आला. बाहेर काय झालं ते मामानं मला नंतर सांगितलं. आई झाडाखाली तीन दगडांच्या चुलीवर माझी पेज शिजवत होती. तिनं चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि मंडळीत घुसली. ढोलकीचं कातडं फोडलं. मामाच्या मनगटावर घातलं. पाळकसाहेबांच्या खांद्यावर हाणलं, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या झग्यानं पेट घेतला. आणि हे सगळं तोंडातून एक शब्द न काढता.

"शिव्या दिल्या आस्त्या तर बरं वाटलं आस्तं," मामा म्हणाला. "पर तिचं त्वांड बघूनच कळलं रं. हाड मोडलं व्हतं माजं. उपरणं दातात धरलं, पर वरडलो न्हाई."

पाळकसाहेबांनी खांद्यावरची आग हातानंच विझवली, चपला काढल्या आणि अनवाणी फाटकाबाहेर गेले. त्यांच्यामागे सगळे गेले.

पण घरी कुणी गेलं नाही. दवाखान्याला लागूनच उसाच्या गाड्यांचा रस्ता होता, चाकांचा दिवसभर खडखडाट. मंडळीनं रानातून उसाचा पाला आणून त्या रस्त्यावर जाड पसरला. येणाऱ्या प्रत्येक बैलाच्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या. एक गाडीवान भांडायला लागला, तर पाळकसाहेबांनी त्याचं मुस्काट दाबून त्याला लांब ओढत नेलं. टाळ वाजवले म्हणून मी ज्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तीच माणसं माझा एकेक श्वास राखत होती. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता कुणी आजारी पडलं की मी गात सुटत नाही. आधी विचारतो, याला काय सोसतं.

झटके विरळ होत गेले. जबडा बोटभर उघडला. एके दुपारी बाईंनी माझी छाती तपासली आणि आईला म्हणाल्या, "आता तो जगेल."

आई उठली, दार हलकेच ओढून घेतलं आणि गेली. मला वाटलं, पेज आणायला गेली असेल.

ती रस्ता ओलांडून पार पलीकडच्या तोडलेल्या उसाच्या रानात गेली आणि तिथं तिनं हंबरडा फोडला. तेवढ्या लांबूनही तो बंद खिडकीतून आत आला. नर्स धावत आली आणि झटका येणार म्हणून तिनं माझे खांदे गच्च दाबून धरले. आई ओरडतच होती.

माझं अंग हललं नाही. थोड्या वेळानं नर्सनं हात काढून घेतले, आणि आम्ही दोघं आईचं रडणं ऐकत राहिलो.