देवीची गिरण

कामोठ्याच्या अलीकडे आमच्या गावात भात भरडायची गिरण माझ्या आजोबांनी टाकली, तेव्हा खाडीपर्यंत शेतंच होती. आता चहूकडे टॉवर आणि मधे ती पत्र्याची शेड. भात आणणारी चार घरं उरलीत. बाकी बाबा पीठ आणि मसाला दळून देतात. देत होते.

यंत्र आणण्याआधी आजोबा गावदेवीला बोलले होते, गिरण चालली तर ती तुझी, आम्ही तुझे नोकर. गिरण चालली. मग या सरळ माणसानं जागेच्या कागदांवर, विजेच्या मीटरवर, सगळीकडे देवीचंच नाव घातलं. घरात 'आमची गिरण' म्हणायची सोय नव्हती. एकदा शाळेच्या निबंधात मी तसं लिहिलं, तर बाबांनी मला वहीसकट देवळात नेऊन नाक घासायला लावलं.

मागच्या वर्षी रस्त्यासाठी शेड पाडायची नोटीस आली. मालकाला बदली जागा मिळणार होती, पण कागदावर मालक देवी. मी नोकरीतून रजा काढून ऑफिसांचे उंबरठे झिजवले. शेवटी एक साहेब म्हणाले, "वडिलांना सुनावणीला आणा. गिरण कुटुंबाची आहे, देवीचं नाव नुसतं श्रद्धेनं लावलंय, असं त्यांनी सांगितलं तर बघू."

बाबा नाही म्हणाले. चार दिवस मी भांडले, रडले. कोंड्यानं त्यांना दमा जडलाय. मी म्हटलं, "उद्या तुमच्या औषधाला देवी येणार आहे का?" हे बोलायला नको होतं. पण माझा जीव तुटत होता.

सुनावणीला ते आले. साहेबांनी विचारलं, "गिरण कोणाची?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"माजी हाय," ते म्हणाले. इतकं हळू की साहेबांनी पुन्हा विचारलं, आणि बाबांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

दहा दिवसांनी पत्र आलं. नुसतं तोंडी म्हणणं धरता येत नाही, अर्ज नामंजूर.

बाबांनी मात्र सुनावणीहून आल्या आल्याच किल्ली माझ्या हातात दिली होती. त्यानंतर ते गिरणीत गेलेच नाहीत. गिऱ्हाईक येतं, कुलूप बघून परत जातं. काल मी म्हटलं, "बाबा, पाडेपर्यंत तरी चालवा ना."

"कंच्या तोंडानं जाऊ?" ते म्हणाले.

जागा तर गेलीच. पण ते दोन शब्द मी त्यांना बोलायला लावले, आणि ते आता मला परत घेता येत नाहीत.