नाटकाचा गार्ड

कापलेल्या बोटावर लोकांना कसं हसवायचं, हे पर्सोनेल ऑफिसर मला शिकवत होते. मेटगळ्ळीतल्या आमच्या कारखान्यात सेफ्टी वीक होता. मी दिवसा प्रेस शॉपला कामगार, संध्याकाळी म्हैसूरभर कन्नड नाटकांत विनोदी नोकर. घरी मराठी, स्टेजवर कन्नड. बोलणी खाणं दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे सेफ्टीच्या नाटकात बोट गमावणारा बावळट दरवर्षी मीच.

"एक बघा, चूक कामगाराची दिसली पाहिजे."

"सर, माझा चेहराच तसा आहे."

प्रेस म्हणजे पत्र्यावर दाणकन आपटणारं मशीन. गार्ड म्हणजे त्याच्यापुढची लोखंडी जाळी, हात आत जाऊ नये म्हणून. आमच्या रंगण्णाच्या प्रेसला गार्डच नव्हता. तो मागून मागून थकला. उत्तर ठरलेलं, बजेट नाही.

मलाही गार्ड हवा होता. बोटांसाठी नव्हे, हशासाठी. मी जाळी काढून फेकतो तिथं हमखास हशा, पण पुठ्ठ्याची जाळी वाजत नाही.

"सर, पहिल्या रांगेत एमडी बसणार. पुठ्ठा बरा दिसेल का?"

लगेच लोखंडी जाळीची ऑर्डर गेली. माप विचारलं, ते मी रंगण्णाच्या प्रेसचं दिलं. समोर तीच होती.

नाटकात जाळी खणखणत गेली. एमडी पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो, तर ती रंगण्णाच्या प्रेसवर बसलेली.

"अहो रंगण्णा, रविवारी टाऊन हॉलला नाटकांची स्पर्धा आहे. मला ती पाहिजे."

"पुठ्ठ्याची घ्या, रायरे," तो काम न थांबवता म्हणाला. रायरे म्हणजे कन्नडमधलं रावसाहेब. "तुमची बोटं नाटक संपलं की परत येतात."



तेवढ्यात ऑफिसर आले. "नाटकाचं सामान मशीनवर कुणी लावलं? काढा आधी."

रंगण्णाचा हात थांबला. अख्खं शॉप माझ्याकडे बघायला लागलं.

"रिहर्सल आहे, सर," मी म्हटलं. "एमडींना फार आवडलं ना."

"किती दिवस चालणार?"

"रंगण्णा रिटायर होईपर्यंत."

ऑफिसरांनी एमडींच्या केबिनकडे एकदा पाहिलं आणि ते गेले. गार्ड राहिला.

टाऊन हॉलला मी पुठ्ठा फेकला. तो तरंगत जाऊन परीक्षकांच्या चहात पडला. हसलं कुणीच नाही. नंबर शेवटचा.

तात्पर्य, कारखान्यात बोटं वाचवायची तर अर्ज करू नयेत, नाटक बसवावं. फक्त बक्षिसाची आशा धरू नये.