भोंग्याच्या आधी आलेल्या शेळ्या

मी रसायनीजवळच्या एका गावात राहते, शाळेत इंग्रजी शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्याचं, वायुगळती झाली तर काय करायचं याचं, सुरक्षेचं पत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात 'पॅनिक' हा शब्द चार वेळा होता. भीती म्हणावं, घबराट म्हणावं, की आणखी काही, म्हणून मी कोश उघडला. शब्द ग्रीकांचा. पॅन हा त्यांचा रानातला देव, अर्धा माणूस, अर्धा बोकड. भर दुपारी रानात कसलीशी चाहूल लागते आणि कळप कारण नसताना उधळतो. ती भीती त्याची.

'कारण नसताना' एवढंच मी उचललं. पत्रकात लिहिलं, 'उगाच घाबरू नका. भोंगा झाल्याशिवाय घर सोडू नका.' कारखान्याचा सरावाचा भोंगा दर महिन्याला न चुकता व्हायचा, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं.

त्यानंतरच्या मार्चमध्ये दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या काकींच्या शेळ्या नदीकडून उधळत आल्या. रोज त्या सहाला येत, काकांच्या मागोमाग. आज काका नव्हते.

"आमचं म्हातारं कुठं हाय गं?" काकी अंगणातून ओरडल्या.

"कुत्रं लागलं असेल मागं. येतील. भोंगा कुठं झालाय?"

"भोंगा कंपनीचा. शेळ्यांना काय कंपनीचा पगार हाय?"

त्यांनी पदर हंड्यात बुडवला, तोंडावर घेतला आणि निघाल्या. मी ओट्यावरच थांबले. पाच मिनिटं असतील. बांधावरचे बगळे उठून गेले होते. मग घशात काहीतरी टोचलं, संडास धुवायच्या ॲसिडसारखं. तेव्हा मी पंचा भिजवून काकींच्या मागे नदीकडे पळाले.

काका करंजाच्या झाडाखाली बसले होते. हातात काठी, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर. आम्ही दोघींनी त्यांना बखोटीला धरून वाऱ्याच्या आडव्या दिशेनं रस्त्यावर आणलं. रिक्षात बसवताना भोंगा झाला.

काका वाचले. दहा पावलं चालले की थांबतात. मी पाच मिनिटं आधी पोहोचले असते तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना मी विचारलेलं नाही. काकीही मला त्याबद्दल बोल लावत नाहीत. पत्रक शाळेच्या भिंतीवरून मी स्वतः काढलं, पण ग्रामपंचायतीत ते अजून आहे.

काल शेळ्या चारलाच परतल्या. काकी माझ्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. भोंगा झाला नव्हता. मी पंचे भिजवले, तीन.